एकच रिंग

शैला गेली हे मला जगदेवरावांच्या फोनवरून कळलं. जगदेवराव म्हणजे तिचा धाकटा भाऊ, धारला असतो. मी देवासला आमच्या गच्चीवर कुरडया उलटत होतो. सकाळी निघताना तिनं बजावलं होतं, "उन्हं उतरायच्या आत उलटा, नाहीतर खालून ओल्या राहतील." फोन वाजला. हातातली कुरडई ठेवली आणि दुसऱ्या रिंगला फोन घेतला.

"दाजी, आक्कासाहेब स्वयंपाकघरात पडल्या होत्या. आम्ही आत्ताच आलो, तर दिसल्या. डॉक्टर येऊन गेले."

"काय म्हणाले डॉक्टर?"

"दाजी, तुम्ही निघा. वेदिकाला बरोबर घ्या."

तेवढ्यावरून कळलं. माझ्या तोंडून मात्र भलतंच निघालं. मी म्हणालो, "अहो, पण ती पोचली होती. तिची रिंग आली होती मला."

त्यानंतर वर्ष होत आलं. त्या एका रिंगच्या पुढे मी अजून गेलेलो नाही.

आमच्या घरचा नियम सांगतो. नोकरीसाठी आम्ही नाशिककडून देवासला आलो तेव्हा बाहेरगावी फोन करणं महाग होतं. मग ठरवलं की जो प्रवासाला जाईल त्यानं पोचल्यावर एक रिंग द्यायची आणि कापायचं. म्हणजे सुखरूप पोचलो. काही बोलायचं असेल तर फोन वाजत ठेवायचा. आणि घरी असलेल्यानं पहिल्या रिंगला फोन उचलायचा नाही, कारण उचलला की पैसे लागले. पुढे फोन फुकटासारखे झाले, तरी नियम राहिला. आमची मुलगी वेदिका हसायची. ती इंदूरला नोकरी करते. म्हणायची, "बाबा, आता तो फ्री आहे ना, बोलत का नाही तुम्ही लोक?" शैला म्हणायची, "बोलायचं काय आहे, पोचले एवढंच ना. बाकीचं घरी आल्यावर बोलू."

त्या दिवशी ती माहेरी गेली होती. चैत्रगौरीचं हळदीकुंकू त्यांच्याकडे अजून जुन्या पद्धतीनं होतं. आंब्याची डाळ शैलाच्याच हातची लागायची, म्हणून ती आदल्या दिवशी जाऊन तयारी करायची. नेमका त्याच दिवशी जगदेवरावांच्या सासरी नालछ्याला साखरपुडा होता. सगळे तिकडे गेले. घराची किल्ली शेजारच्या भवानीबाईंकडे ठेवली होती.

दुपारी मी जेवत होतो. फोन पाटाशेजारी होता. एकदा वाजला, शैलाचं नाव दिसलं, थांबला. मी मनात म्हटलं, चला, पोचली. आणि ताक घेतलं.

धारला पोचलो तेव्हा तिला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. स्वयंपाकघर होतं तसंच होतं. परातीत हरभऱ्याची डाळ भिजलेली. विळी, कैरीच्या साली, किसणी. एक कैरी पुरी किसलेली, दुसरी अर्धी. तिच्या हातात फोन होता म्हणाले, तो बंद होता. डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी विचारलं, वेळेवर कोणी आलं असतं तर? ते म्हणाले, "काही वेळा उपयोग होतो, काही वेळा नाही." प्रामाणिक माणूस असावा.

दिवस झाल्यावर मी भवानीबाईंना भेटलो. विचारलं, ती किल्ली घ्यायला कधी आली?

"दुपारच्याच आल्या की. ऊन काय मेलं! मी म्हटलं, वन्सं, बसा, पाणी घ्या. तर म्हणाल्या, नको, डाळ भिजत घालायचीय."

"फोन केला का तिनं तुमच्यासमोर?"

"फोन? माझं वरण उतू जात होतं हो. मी आत पळाले. केला असेल. थकलेल्या दिसल्या मात्र, भिंतीला हात लावून उभ्या होत्या."

"किती वाजले असतील?"

"आता मार्तंडराव, मी घड्याळ बघून वरण लावते का?"

म्हणजे ती कधी आली हे कोणालाच नक्की माहीत नाही. रिंग कधी आली ते माझ्या फोनमध्ये आहे. पण ती आल्याआल्या दिली, की डाळ भिजत घालून कैरी किसायला बसल्यावर, हे त्यावरून कळत नाही.

हे का महत्त्वाचं, ते तिच्या फोनमुळे.

तिचा फोन जुना होता. चांगला चालत होता. मग त्यावर रोज एक सूचना यायला लागली की नवीन अपडेट आलं आहे, त्यानं फोन अधिक चांगला चालेल. ती रोज "नंतर" दाबायची. एके दिवशी म्हणाली, "भिकाऱ्यासारखा रोज दारात उभा राहतोय, एकदाचं हो म्हणून टाकते." दाबलं. त्यानंतर फोन जड झाला. नाव दाबलं की जरा वेळानं नंबर लागायचा. आणि बॅटरी अर्धी दाखवत असताना एकदम बंद पडायचा. तेही बहुधा फोन लावतानाच. कोणाला तरी लावला, एकदा वाजला, की काळा पडदा.

ती म्हणायची, "माझ्यासारखाच झालाय. बसला की बरा, जिना चढला की संपला." आम्ही हसायचो. जिना चढताना तिला धाप लागते हे मला फोनच्या थट्टेतूनच माहीत होतं.

आम्ही तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेला होता. इथंच, देवासला. काउंटरवरच्या पोरानं वायर लावली, पडदा आमच्याकडे फिरवला. "देखिए आंटीजी, बैटरी नॉर्मल. अपडेट के बाद थोड़े दिन सेट होने में लगते हैं." घरी येताना शैला म्हणाली, "मीच काहीतरी भलतं दाबलं असेल."

हे वाक्य मला फार लागलं. तेव्हा नाही, नंतर. मी मोटारींच्या कारखान्यात नोकरी केली, मेंटेनन्सला. एखाद्या मशीनचं बेअरिंग घासलं आणि नवीन येईपर्यंत ते चालवणं भाग असेल, तर आम्ही त्याचा वेग उतरवायचो. त्यात चूक काही नाही, मशीन वाचतं. पण वेग उतरवला की त्यावर लाल पाटी टांगायची. वेग कमी केला आहे, कारण हे, तारीख ही, सही. पाटी न लावता वेग उतरवला तर साहेब आधी मेंटेनन्सवाल्याला धरणार. कारण चालवणाऱ्याला वाटतं, आपलाच हात चुकतोय. तो जोर लावतो, आणि मग कोणाचं तरी बोट जातं.

वेदिकानं मला दाखवलं की जुन्या बॅटरीचे फोन अपडेटनं हळू केले, आणि लोकांना ते सांगितलं नाही, असं जगात झालेलं आहे. फोन अचानक बंद पडू नये म्हणून केलं, असं म्हणे कारण होतं. शैलाच्या फोनच्या कंपनीनं तसं केलं की नाही, मला माहीत नाही. तिचा फोन हळूही झाला आणि बंदही पडायचा. पाटी मात्र नव्हती.

तर प्रश्न एवढाच. त्या दुपारी एक रिंग देऊन शैलानं फोन कापला, की ती मला बोलवत होती आणि एका रिंगवर फोनच बंद पडला?

माझ्या फोनवर दोन्ही सारखंच दिसतं. सिमकार्डाच्या कंपनीकडे विचारलं. तिथं म्हणाले, कॉल लागला, उचलला गेला नाही, एवढंच. कापला असेल तर मी जेवत होतो यात काही नाही. नसेल कापला, तर मी परत फोन करायला हवा होता. फोन बंद लागला असता, मी भवानीबाईंना लावला असता. त्यांच्या दारापासून ते स्वयंपाकघर काही लांब नाही.

वेदिकानं कंपनीला माझ्या नावानं इंग्रजीत लिहिलं. दोन गोष्टी विचारल्या. तुमच्या अपडेटनं जुन्या बॅटरीच्या फोनचं काय होतं, आणि हा फोन त्या दिवशी कसा बंद झाला. उत्तर आलं. वेदिकानं वाचून मराठीत सांगितलं. "झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे. बॅटरी वापरानं कमजोर होणं नैसर्गिक आहे. आमची अपडेट्स तुमचा अनुभव अधिक चांगला करण्यासाठी असतात."

"पुढे?" मी म्हटलं.

"पुढे थँक यू आहे, बाबा."

मी पुन्हा लिहायला लावलं. पुन्हा तेच आलं, शब्द न शब्द. त्यातली वाक्यं खोटी नसतील. पण मी विचारलं ते त्यात नाही.

माघ संपता संपता जगदेवराव देवासला आले. जेवले. टेकडीवर देवीला जाऊन येतो म्हणाले, पण गेले नाहीत. सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "दाजी, एक सांगायचं राहून गेलंय."

"बोला."

"आक्कासाहेबांचा फोन मी तुम्हाला पुसून दिला होता."

"बरं केलंत."

"बरं नाही केलं. त्याला कैरीचा कीस लागला होता. मागं आणि काचेवरही. चिकट झाला होता. मी आपला ओल्या फडक्यानं पुसला, अन् मग..." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "मग वाटलं, हे तुम्हाला सांगू नये."

मला समजायला वेळ लागला नाही. हाताला कीस होता, म्हणजे फोन घेतला तो कैरी किसायला बसल्यावर. पोचल्या पोचल्या नव्हे.

"तसं नाही हो दाजी," जगदेवराव घाईनं म्हणाले. "त्यांची सवयच तशी. मधेच आठवण झाली की तशाच हातानं फोन घ्यायच्या. माझ्या फोनला हळद लावून ठेवलेली आहे त्यांनी. विसरल्या असतील, मग आठवलं असेल की अरे, रिंग द्यायची राहिली."

हेही खरं होतं. आमच्या फोनलाही कणीक लागायची.

"मी नालछ्याला गेलोच नसतो तर," ते म्हणाले. "साखरपुडा काय, माझ्यावाचून अडला होता?"

"तुम्ही नालछ्याला गेलात, मी ताक प्यालो," मी म्हटलं. "निम्मं निम्मं वाटून घेऊ."

ते हसले आणि मग रडले. मी पाणी आणून दिलं. जाताना दारात म्हणाले, "दाजी, कळून घेऊच नका. नाही कळलं तर दोन्ही खरं आहे असं धरता येतं."

मला तसं धरता येत नाही. मेंटेनन्सच्या माणसाला मशीन का थांबलं हे शोधावंच लागतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कपाटातला शैलाचा फोन फुगलेला दिसला. मशीन का थांबलं हे कळेपर्यंत ते चालू करायचं नसतं, म्हणून मी तो बंदच ठेवला होता. मागचं झाकण एका बाजूनं उचललं होतं. घाबरलो. रुमालात गुंडाळून तसाच सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवर आता एक मुलगी होती, तिच्या शर्टावर अपूर्वा असं नाव होतं. फोन पाहून तिनं हात मागं घेतला.

"अंकलजी, ये घर में रखा था? ये फट सकता है. बैटरी अभी निकलवानी पड़ेगी."

"काढा. पण फोन चालू करायचा नाही. आणि अपडेट तर बिलकुल नाही."

तिनं वर पाहिलं. "तुम्ही मराठी आहात? मी पण, काका. घरी बोलतो आम्ही, फक्त वाचायला नाही जमत." आणि फोन घेऊन ती आतल्या खोलीत गेली.

मी काउंटरची फळी उचलून मागोमाग गेलो. आत टेबलावर वायरींचा पसारा. तिथला माणूस ओरडला, "अरे भिया, कस्टमर अंदर नहीं!" मी म्हणालो, "कस्टमर नाही, मी नवरा आहे." त्याला मराठी कळलं नसावं. अपूर्वाला कळलं. ती त्याला म्हणाली, "खड़े रहने दो. छुएँगे नहीं कुछ."

कोणी एक वायर लावली असती, फोन उजळला असता आणि स्वतःच्या मनानं अपडेट घेतलं असतं, तर? त्या माणसानं झाकण काढलं, पातळ पट्टीनं बॅटरी सोडवली. उशीसारखी झाली होती. वाळूच्या डब्यात ठेवली. तिच्याखालच्या खाचेत एक पिवळा वाळलेला तंतू होता. कैरीचा असेल, नसेल. मी विचारलं नाही.

बाहेर आल्यावर मी अपूर्वाला सगळं सांगितलं. रांगेत मागं कोणी नव्हतं म्हणून तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "फोन कसा बंद झाला, हे फोनमध्ये कुठं लिहिलेलं असतं का?"

"असतं," ती म्हणाली. "बटणानं बंद केला, बॅटरी संपली, की एकदम करंट कमी पडून गेला, ते आत राहतं. पण ते पान कस्टमरच्या स्क्रीनवर येत नाही. आम्हालाही नाही. आमच्या मशीनवर नुसतं हिरवं नाहीतर लाल येतं. मागच्या वेळी तुम्हाला हिरवं दाखवलं असेल."

"मग कोणाला दिसतं?"

"कंपनीच्या लॅबला. पाठवता येईल. नवीन बॅटरी टाकून चालू करायचा. पण काका, आधी नवीन अपडेट टाकावंच लागतं. त्याशिवाय त्यांची सिस्टिम फोन घेतच नाही."

"अपडेटनं ते आतलं लिहिलेलं पुसलं जाईल?"

"जनरली नाही जात."

"जनरली नको. माझा एकच फोन आहे. जाईल की नाही जाणार?"

"काका, मला खरंच माहीत नाही. आम्हाला ते सांगत नाहीत." मग आवाज खाली करून म्हणाली, "नऊ-दहा जण विचारतात रोज, अपडेटनं काय होईल म्हणून. मी सांगते, अच्छा चलेगा. वरून तेच सांगायला सांगितलंय."

तिनं माझा प्रश्न तिच्या कॉम्प्युटरवरून वरच्या ऑफिसला पाठवला. मी सांगितलं तसाच, एका ओळीत: अपडेट टाकल्यावर फोन बंद पडल्याची जुनी नोंद राहते की पुसली जाते? मी शेजारी उभा राहून तो जाताना पाहिला. तेव्हाच तिचं जेवण आलं, तिनं डबा उघडून मला पोळीचा लाडू दिला. मी खाल्ला.

घरी आल्यावर वेदिकाचा फोन आला. पहिल्याच रिंगला उचलला. आता मी तसंच करतो, तिला सवय झाली आहे. तिला लॅबचं सांगितलं.

"बाबा, लॅबनं सांगितलं की फोन आपोआप बंद पडला होता, तर तुम्ही काय कराल?"

"माहीत नाही."

"आणि आईनं कापला होता असं निघालं तर?"

"तर रात्री कुरडया तळीन," मी म्हटलं. डबा भरलेला आहे. त्या दिवशी अर्ध्या उलटायच्या राहिल्या होत्या, पण ऊन कडक होतं, वाळल्या. अजून एकही तळलेली नाही.

ती म्हणाली, "बाबा, मला नाही वाचायचं त्यात काय आहे. आईनं रिंग दिली, बस."

"तुला नको वाचू. मी एकटा वाचीन."

"आणि मग मला नाही सांगणार? तुम्हाला जमेल?"

मी तिला विचारलं, जेवलीस का.

मधे एकदा अपूर्वाकडे जाऊन आलो. उत्तर आलं होतं. तिनं वाचून मराठीत सांगितलं: बॅटरी वापरानं कमजोर होणं नैसर्गिक आहे. पुढचं मला पाठ होतं. तिनं माझ्यासमोरच प्रश्न पुन्हा पाठवला. म्हणाली, "नवीन बॅटरी आहे आमच्याकडे, काका. तुम्ही म्हणाल तेव्हा. पण बॅटरी काढलेल्या फोनमधली ती नोंद किती दिवस राहील, मी नाही सांगू शकत."

निवृत्त होताना कारखान्यातली एक लाल पाटी मी आठवण म्हणून आणली होती. ती शोधली, पुसली. तिच्यावर खडूनं लिहिलं: बंद आहे. चालू करू नये. अपडेट करू नये. कारण आणि तारीख लिहिली, सही केली. दोऱ्यानं फोनला बांधली आणि फोन शैलाच्या साड्यांच्या कपाटात ठेवला.

चैत्र लागला आहे. धारला यंदा हळदीकुंकू नाही. कंपनीचं उत्तर यायचं आहे, आणि ती रिंग शैलानं कापली की फोननं, हे कळायचं राहिलं आहे.